इरल्याखालचा कॅमेरा

ठाण्याच्या चराईतल्या मॅग्डलीनला कुणी फोटोवाली म्हणत, कुणी बगळेवाली. कोर्टात जाणारी-येणारी मंडळी नुसतंच "ती" म्हणत. तिला हे शेवटचं जास्त आवडे. "नाव घ्यायची हिंमत नाही मेल्यांना," असं ती नवऱ्याला सांगे. नवरा अल्फान्सो सुतार होता, शांत माणूस. तो रंधा मारता मारता म्हणे, "तुज्या कॅमेऱ्याला टोपण हाय, मागी. जिभेला नाय."

ही गोष्ट अठराशे नव्वदच्या पुढची. फोटो ही तेव्हा नवलाई राहिली नव्हती, पण फोटो म्हणजे माणसाचा, एवढंच लोकांना ठाऊक. मॅग्डलीन मुंबईत एका स्टुडिओत शिकली. पडद्यातल्या बायकांचे फोटो काढायला आत बाईच लागे, म्हणून मालकानं तिला हाताशी धरलं. मागे पडदा, पडद्यावर रंगवलेलं तळं, तळ्यात हंस, आणि पुढे खुर्चीवर एकामागून एक बायका, मान ताठ, श्वास कोंडलेला. कितीतरी वर्षं हेच. एक दिवस ती मालकाला म्हणाली, "खोट्या झाडापुढे खरी माणसं बसवली आजवर. आता खरं झाड काढायचंय. पुढे कुणी नको." मालक हसला. जुना कॅमेरा तिच्या हाती देताना म्हणाला, "वर्षात परत याल. आतल्या खुर्चीपुढची जागा तुमचीच."

ती खुर्ची तिच्या डोक्यावर कायमची टांगलेली होती. तिथं परत जायचं नाही, एवढंच तिला कळत होतं.

नुसत्या झाडांच्या फोटोंवर पोट भरत नाही, हेही तिला लवकर कळलं. पण ठाण्यात तेव्हा हौशी फोटोवाल्यांचं एक मंडळ निघालं होतं. वकील, ओव्हरसियर, एखादे डॉक्टर. विलायती कॅमेरे घ्यायची ऐपत होती, पण ते घेऊन जायचं कुठं, हे माहीत नव्हतं. घरच्या तुळशीचे फोटो काढून कंटाळले होते. मॅग्डलीननं त्यांना सांगितलं, मी नेते. गुणाजी कोळ्याची होडी ठरवायची, भरतीबरोबर कळव्यावरून पुढे डोंबिवलीच्या बाजूला जायचं, खाडीकाठच्या तिवरांत, पारसिकच्या डोंगराखाली. कुठल्या वेळी उजेड कुठून येतो, फोटो जिच्यावर उमटतो ती काच किती वेळ उघडी ठेवायची, सगळं ती दाखवणार. मंडळानं आधी नाकं मुरडली. बाई, त्यातून किरिस्तांव, ती आपल्याला शिकवणार? मग एकदा गेले, आणि पुढे जातच राहिले. दोन मोसम तिचं घर त्या सहलींवर चाललं.

भाद्रपदातली सहल सगळ्यांत मोठी. डोंबिवलीजवळच्या एका आगरी गावात आवडाबाईच्या दारात चिंचेचं अवाढव्य झाड होतं. पावसाळ्यात त्याच्यावर बगळ्यांची घरटी. नुसती पांढरी गजबज. अल्फान्सोनं झाडासमोर बांबूची माची बांधली होती. तिच्यावर मॅग्डलीन आधीच घासलेटचा रिकामा डबा नेऊन ठेवी, डब्याला बाटलीचं बूड बसवलेलं. बगळ्यांना त्या डोळ्याची सवय झाली की डबा काढून त्या जागी कॅमेरा.

आणि माणसांना इरली. बांबूच्या कामट्यांत पळसाची पानं भरलेलं, डोक्यावरून पाठीवर येणारं इरलं लावणीच्या बाया पावसात घेतात ना, तेच. माणसाला एक, कॅमेऱ्याला एक. बगळे शेतात त्या बायांच्या मागेमागे किडे टिपत फिरतात. इरल्याला बघून उडणं म्हणजे त्यांना जेवत्या पानावरून उठण्यासारखं. इरल्याखाली माणूस असला तर बगळा ढुंकून बघत नाही. पांढरी पगडी दिसली की आख्खं झाड उठतं.

त्या वर्षी मंडळाचे प्रमुख हरिहरपंत पहिल्यांदाच भाद्रपदात आले. नावाजलेले वकील. मुंबईच्या प्रदर्शनात त्यांना बगळ्याच्या पिल्लांचा फोटो लावायचा होता. होडीतून उतरल्यावर मॅग्डलीननं त्यांच्यापुढे इरलं धरलं.

"हे काय?" पंत म्हणाले.

"पगडी काढून हे घ्या."

"ऊन आहे, बाई."

"पावसासाठी नाही. बगळ्यांसाठी."

पंतांनी इरल्याला बोट लावून पाहिलं. "ही चिखलातल्या बायकांची खोळ मी डोक्यावर घेऊ? मी वकील आहे, मॅग्डलीनबाई."

"बगळ्यांना ते ठाऊक नाही."

बरोबरचा ओव्हरसियर गोपीनाथ एव्हाना इरल्यात शिरलासुद्धा होता. आतून म्हणाला, "घ्या हो पंत. इथं बघतंय कोण?"

"तुम्ही बघताय," पंत म्हणाले, आणि पगडी सावरून, छत्री उघडून पुढे चालू लागले.

व्हायचं तेच झालं. पंत चिंचेच्या अलीकडच्या बांधावर पोचले मात्र, आणि सगळे बगळे एकदम उठले. माचीवर चढलेल्या दोघांच्या काचा फुकट गेल्या. पक्षी खाडीवर घिरट्या घालत राहिले आणि पिल्लं घरट्यांतून चोची वासून ओरडत बसली. मॅग्डलीननं सगळ्यांना गवतात बसवलं. "आता वाट बघायची. येतील."

पंतांना वाट बघायची सवय नव्हती. कोर्टात लोक त्यांची वाट बघत. ते झाडाखाली फिरत राहिले, त्यामुळे पक्षी काही उतरेनात. मग त्यांना खालची एक फांदी दिसली. तिच्यावर दोन घरटी, घरट्यांत पिल्लं.

"ही फांदी उतरवू," ते म्हणाले. "अलगद तोडायची, घरट्यांसकट. बांधावर उन्हात रोवली की झालं. आई-बाप तिथं येवोत न येवोत, पिल्लं तर येतील फोटोत."

"आणि नंतर?" मॅग्डलीननं विचारलं.

"नंतर काय?"

"फांदी परत झाडाला चिकटवणार का?"

"थट्टा पुरे. विलायतेतले मोठेमोठे असंच करतात. मी वाचलंय."

"करत असतील. माझ्या सहलीत नाही."

पंत थांबले. आवाज चढवला नाही, उलट खाली आणला. वकिलांची ती खास पद्धत. "तुमची सहल मंडळ आहे म्हणून आहे, बाई. मंडळ माझ्या शब्दावर चालतं. उद्यापासून दुसरा कुणी माणूस ठेवू. तुम्हाला मुंबईला परत जायला लागेल, तेवढा विचार करा."

अल्फान्सोनं बायकोकडे पाहिलं. तिचा चेहरा त्याला ओळखीचा होता. त्यानं मान खाली घातली.

पंत आवडाबाईकडे वळले. झाड तिचं. ती ओटीवर जाळं विणत सगळं ऐकत होती.

"एक फांदी तोडली तर चालेल ना?"

आवडाबाई काही मॅग्डलीनची बाजू घेणारी नव्हती. "तोरा की," ती म्हणाली. "माजे कवलांवर सगला पावसाला घान. माशांचा वास निस्ता. एक फांदी गेली त झार काय मरत नय."

"आवडाबाय, पिल्लं मरतील," मॅग्डलीन म्हणाली.

"ती काय माजी हाईत? आनि मना इचारतंस कशाला, आदी वकिलाला इचार."

म्हणजे झाडाची मालकीण राजी, मंडळाचा प्रमुख तयार, आणि बाकीचे सभ्य गृहस्थ गवताकडे बघत बसलेले. मॅग्डलीनला कुणाचंच बळ नव्हतं. हक्क तर नव्हताच.

"गुणाजी," पंत म्हणाले, "होडीतला कोयता आण."

गुणाजी कोयता घेऊन आला. तोवर मॅग्डलीननं माचीवरचा आपला कॅमेरा खाली उतरवला होता. तिवई बांधावर रोवली, तोंड झाडाकडे नाही, पंतांकडे. काळ्या कापडात डोकं घातलं, बाहेर काढलं.

"चालू द्या," ती म्हणाली. "माझ्याकडे एक काच उरलीय. तुमचा फोटो घेते."

"माझा कशाला?"

"तुम्ही पिल्लांचा फोटो प्रदर्शनात लावणार. खाली लिहिणार, निसर्गातून. मी हा त्याच प्रदर्शनात लावीन. खाली लिहीन, निसर्ग बनवताना हरिहरपंत वकील. दोन्ही शेजारी शेजारी लागले तर लोकांना समजायला बरं."

गवतात कुणीतरी खोकलं.

गुणाजी दोन पावलं मागे सरला. "बाय, माजं थोबाड नको काढूस. मी निस्ता कोयता आनला."

"तू बाजूला हो. कोयता पंतांना दे."

आणि त्या भल्या माणसानं खरंच कोयता पंतांच्या हातात दिला. पंतांनीही घेतला, नकळत. पगडी, उपरणं, जोडे, हातात मासे कापायचा कोयता, डोक्यावर घरट्यांची फांदी. त्यांना तो टाकताही येईना, उगारताही येईना.

"हलू नका," मॅग्डलीन म्हणाली, स्टुडिओत म्हणे तशीच. तिनं टोपण काढलं, लावलं.

पंतांनी कोयता खाली टाकला. "चला," मंडळींना म्हणाले. ओहोटी लागलेली, होडी चिखलात टेकलेली, भरतीशिवाय ती हलणार नव्हती. पंत भरतीसाठी थांबले नाहीत. भातशेतांतून डोंबिवली स्टेशनाकडे चालत सुटले, आणि त्यांच्यामागे धोतरं वर धरून मंडळ. गोपीनाथ थोडा रेंगाळला, इरलं काढून घडी घालायला गेला, ते घडी होणारं नव्हे हे लक्षात आल्यावर तसंच बांधावर ठेवून तोही गेला.

"झालं," अल्फान्सो म्हणाला.

"बस इथं. पक्षी येतायत," ती म्हणाली. पण तिच्याजवळ काच उरली नव्हती. दोघं नुसतीच बसून बघत राहिली. आवडाबाईनं त्यांना भाकरी आणि सुकी मासळी आणून दिली आणि वर बजावलं, "वकील माजेवर खटला घालंल त तुजं नाव सांगीन हां."

घरी येऊन काच धुतली. इतका रेखीव फोटो पंतांचा आजवर कुणी काढला नसेल. माणूस दगडासारखा उभा राहिला होता, उपरण्याची सुरकुती न् सुरकुती आली होती. कोयताही स्पष्ट.

मंडळानं दुसरा माणूस ठेवला. मॅग्डलीनच्या दाराशी कुणी फिरकेना. महिना-दीड महिन्यानं गोपीनाथ आला, निरोप घेऊन. त्याला निरोपाची लाज वाटत होती हे दिसत होतं, कारण तो पायरीवर उभा राहूनच बोलला.

"पंत म्हणतात, ती काच द्या. पुढच्या मोसमापासून सगळ्या सहली पुन्हा तुमच्याच. कल्याणचीही मंडळी आणतो म्हणाले."

अल्फान्सोनं रंधा थांबवला. "दे ना गो. काचच हाय ती."

मॅग्डलीन दाराशी आली. मग म्हणाली, "देते. पंतांनी मंडळात उभं राहून सांगावं, आमच्यातला कुणी फांदी तोडणार नाही. त्या दिवशी काच पोचती करते."

"ते नाही सांगायचे," गोपीनाथ म्हणाला.

"मग काच नाही मिळायची."

"पंतांना सांगतंस म्हंजे भिंतीलाच सांगतंस," अल्फान्सो म्हणाला. "मुंबईला जावं लागेल तुला."

"जाणार नाही."

"मग खायचं काय?"

"लोकांची पोरं काढीन. जावळ, लग्न, चर्चमधला पहिला कम्युनियन. घरी जाऊन, अंगणात, उजेडात. रंगीत पडद्यापुढे नाही."

त्याच आठवड्यात तिनं पंतांचा फोटो चौकटीत घालून ओटीच्या भिंतीवर लावला, रस्त्यावरून दिसेल असा. खाली काही लिहिलं नाही. शेजारी लावला त्याच चिंचेवरचा, आदल्या वर्षी घेतलेला एक फोटो. घरट्यावर उतरणारा बगळा. तो तिनं प्रदर्शनाला पाठवला होता आणि परत आला होता.

पंतांचा कोर्टाचा रस्ता त्या ओटीवरून जाई. कितीतरी दिवस ते मान न वळवता गेले. एका सकाळी मात्र पायऱ्या चढून आले.

"हे किती दिवस टांगणार?"

"भिंत आमची आहे."

"मी अब्रूनुकसानीचा दावा लावू शकतो."

"लावा. काच घेऊन कोर्टात येते. साहेबालाही बघू दे."

पंत आपल्याच फोटोकडे बघत उभे राहिले. मग नजर शेजारी गेली. काही झालं तरी माणूस फोटोचा शौकीन होता. जवळ जाऊन त्यांनी डोळे बारीक केले.

"पंख पुसट आलेत."

"हलले."

"असला फोटो प्रदर्शनात घेणार नाहीत."

"नाहीच घेतला."

"मग टांगलात कशाला?"

"हलले म्हणूनच."

पंत मागे फिरले. उतरून निघून गेले. दुसऱ्या दिवसापासून त्यांनी कोर्टाचा रस्ता बदलला. तळ्यावरून जाणारा, बराच लांबचा. दावा काही लागला नाही. फोटोही निघाला नाही. अल्फान्सोनं एकदा झाडू मारताना तो उतरवून कोपऱ्यात ठेवला होता. संध्याकाळी तो पुन्हा जागेवर होता, आणि त्या दिवशी जेवायला अल्फान्सोपुढे नुसती पेज.

वर्ष ओढूनताणून गेलं. जावळं निघाली, लग्नं झाली, अंगणांतून तिची तिवई फिरली. मुंबईच्या मालकाचा एकदा निरोप आला, त्याला तिनं उत्तर धाडलं नाही. श्रावण उलटल्यावर चराईत, नौपाड्यात, कोपरीत सगळीकडे सांगून आली, भाद्रपदात होडी जाणार. मंडळाचं कुणी येणार नाही हे ठरलेलंच होतं. त्यांनी त्याच आठवड्यात दुसरीकडे सहल काढली होती.

ठरल्या सकाळी गोपीनाथ आला. मंडळाचं काय, असं विचारल्यावर म्हणाला, "नाव काढून घेतलं. बायकोला आणलंय, चालेल ना?" त्याच्यामागे ती बाई पदर घट्ट धरून उभी होती, कॅमेऱ्याकडे बघत. कल्याणचे एक शाळामास्तर आले, त्यांच्याकडे कॅमेराच नव्हता. बस्स, एवढीच माणसं. होडी निम्मी रिकामी होती.

गुणाजीनं भरतीकडे पाहिलं, मग रस्त्याकडे. "अजून कोनी यायचं हाय, बाय? थांबू?"

"नाही," मॅग्डलीन म्हणाली. "वल्हव."