चेपलेला मणका

लालबागच्या चाळीत हंडा उचलायला भागीरथी परब वाकली आणि तिच्या पाठीत कट्‌कन काहीतरी मोडलं. ती पडली नव्हती की घसरली नव्हती. गिरणीत सूत गुंडाळायच्या वायंडिंग खात्यात उमेदीची वर्षं उभ्यानं काढलेली ती बाई नळापाशी भिंत धरून राहिली. तिला श्वाससुद्धा घेववेना.

परळच्या इस्पितळात डॉक्टरीणबाईंनी एक्स-रे उजेडाला धरला.

"मणका चेपलाय. वयानं हाडं आतून विरळ होतात. बाईची पाळी गेली की जरा झपाट्यानंच. बाहेरून कळत नाही, मग एवढ्याशा निमित्तानं मोडतात. तुमची उंची घटलीय ती यामुळंच."

"परत भरतली?" भागीरथीनं विचारलं.

"पहिल्यासारखी नाही. पण आणखी झीज रोखायला हवी. ओझं उचलू नका, कमरेत वाकू नका. नाचणी, दूध, काट्यासकट बारकी मासळी खा. आणि दुखणं उतरलं की चाला. झोपून राहिलात तर हाडं जास्तच झिजतील."

बरोबर आलेल्या मुलाच्या, शिवाच्या, कानात 'ओझं उचलू नका, वाकू नका' एवढंच राहिलं. त्यानं आईला खाटेवर बसवलं ते बसवलंच. दुखणं उतरलं तरी तिला उठू देईना. तो कामावर गेला की भागीरथी काठी घेऊन गॅलरीत येरझाऱ्या घालायची. सून शांता ते पाहायची, पण शिवाला सांगायची नाही.

मग कामगार मैदानावर संयुक्त महाराष्ट्राची सभा ठरली. भागीरथीनं लुगडं बदललं.

शिवा दारात आडवा उभा राहिला. "आये, गर्दीत धक्को लागलो तर?"

"डॉक्टरणीन माका चलूक सांगल्यान. खंय चलू नको, ता काय सांगूक नाय."

"हाडां पोकळ झाली तुजी."

"हाडां झाली. मी नाय. बाजूक हो."

शांतानं सासूच्या कमरेला इस्पितळातला पट्टा आवळला आणि स्वतःही चपला घातल्या. शिवा बाजूला झाला.

मैदानाच्या कडेला दोघी बसल्या. सुटताना लोंढा आला तेव्हा चाळीतल्या बायांनी भागीरथीभोवती कडं केलं. तरी पाठ ठणकलीच, आणि पुढचे काही दिवस तिनं दातांवर दात दाबून काढले.

पुढच्या तपासणीला डॉक्टरीणबाई रागावल्या. "गर्दी नको. सकाळी मोकळ्या रस्त्यानं चाला."

भागीरथीला हे पटलं. सकाळी मोकळ्या रस्त्यानं चळवळीची प्रभातफेरी निघायची, आणि सगळ्यांत पुढं चालणाऱ्याला कुणाचा धक्का लागत नसे. पुढं जिन्यात तिचं मनगट मोडलं, तेव्हाही ती प्लास्टरमधला हात गळ्यात अडकवून फेरीला निघाली. त्या दिवशी शिवाही तिच्याबरोबर होता, आणि तिच्या चालीशी पाय जुळवताना त्यालाच धाप लागत होती.