चंदाबाईंचं ‘बघू’

आमच्या मस्तगड पेठेत चंदाबाईंचं दोरे-बटणांचं दुकान आहे. या बाईंच्या तोंडून ‘नाही’ हा शब्द मी तरी कधी ऐकलेला नाही. दुकानात बसून नकार बोलला की लक्ष्मी पाठ फिरवते, असं सासूनं त्यांना शिकवलेलं. जांभळा फॉल संपला असला तर त्या म्हणतात, “वाढला.” कुणी भाव फारच पाडून मागितला तर म्हणतात, “बघू.” हे ‘बघू’ ऐकलं की गिऱ्हाईक निमूट पुढचं दुकान गाठतं.

मी कॉलेजात इंग्रजी शिकवते आणि पोरांच्या निबंधांनी डोकं उठलं की घरी जाताना त्यांच्या स्टुलावर टेकते. दुपारी तिथं कुणी नसतं. पंखा कुरकुरतो, रिळांवरून पिवळं ऊन सरकत राहतं. अशाच एका दुपारी डुलकीतून जागं होत चंदाबाईंनी विचारलं, “शरयूताई, इंग्रजीत तो शब्द न बोलता मना करता येतं का हो?”

मी म्हटलं, येतं की, शब्दाच्या आधी नुसतं ‘अन’ लावायचं. अनसीन, म्हणजे न दिसलेलं. अनटोल्ड, म्हणजे न सांगितलेलं. बाई खुळावल्याच. रोज नवा शब्द मागायच्या आणि त्याला रंग द्यायच्या. अनसीन फिकट निळं, अनटोल्ड आमसुली. मिटल्या डोळ्यांनी रिळांवर बोट फिरवत पुटपुटायच्या, आणि मलाही वाटायचं, आपण दोघी रंगीत पाण्यात तरंगतोय. एका दुपारी ‘अनविलिंग’ निघालं. काही करायचं मन नसलेलं, मी सांगितलं. त्याला त्यांनी रंग दिला नाही.

मला कारण ठाऊक होतं. मुलगा अंकित दुकान बंद करून त्यांना पुण्याला नेणार होता. तो फोनवर विचारायचा आणि या म्हणायच्या, “बघू, बेटा.” पुण्यात राहून तो ‘बघू’चा अर्थ विसरला होता, त्यानं होकारच धरला. मला दोघांचाही राग यायचा.

परवा मी स्टुलावर असतानाच तो गाडी घेऊन आला आणि रिळं खोक्यात भरू लागला. चंदाबाईंनी त्याच्या हातातलं लाल रीळ काढून घेतलं.

“अंकित, आय ॲम अनविलिंग.”

तो हसला. मग त्यांचा चेहरा बघून थांबला. “मम्मी, मंग आधी का न्हाई बोलली?”

“कधीची ‘बघू’ म्हणून राह्यले, बेटा. अख्ख्या मस्तगडाला समजतं.”

अंकित खोक्यापाशी खाली बसला. मग एकेक रीळ परत फळीवर मांडू लागला. आमसुली रीळ त्यानं पोपटीच्या रांगेत ठेवलं.

“इथंच ना, मम्मी? बराबर?”

“बघू,” चंदाबाई म्हणाल्या.

अंकितनं ते रीळ लगेच उचललं.