गार पाइप आणि दसऱ्याचा नारळ

आमच्या कारखान्यात दसऱ्याचा नारळ फोडायचा मान माझ्या सासऱ्यांचा, मामाजींचा. गोरेगावच्या रस्त्याला सिलिंडरांत नायट्रोजन भरायचा हा कारखाना. ते तिथले सर्वांत जुने कामगार, मी शिफ्टची प्रमुख. नारळ फोडायचा तो टाकीकडून येणाऱ्या मोठ्या पाइपावरच, नाहीतर पूजा पावत नाही. आणि बायकांनी तर फोडायचाच नाही.

टाकीतला नायट्रोजन पातळ, भयंकर थंड. उघड्यावरच्या नळ्यांच्या जाळीतून जाताना हवेच्या उबेनं त्याचा गॅस होतो आणि मगच तो या साध्या पोलादाच्या पाइपात येतो. जाळीवर बर्फ साचतो, तो साचणारच. पण त्या सकाळी हार घालायला गेले तर पाइपही पांढरा! गॅस पुरता गरम न होताच पुढे येत होता. साधं पोलाद इतकं गारठलं की वाकत नाही, काचेसारखं तडकतं; आणि आत दाब होता. मी व्हॉल्व्ह बंद केला, लोकांना मागे सारलं. आता पाइपाला हातोडी लावायची नाही की गरम पाणी ओतायचं नाही, आपोआप गरम होऊ द्यायचं.

तेवढ्यात मामाजी नारळ घेऊन आले. धुतलेला सदरा, कपाळाला गंध. निवृत्तीआधीचा त्यांचा हा शेवटचा दसरा होता.

"इथं नाई मामाजी, पायरीवर फोडा."

"काऊन? दरसाल इथंच फोडून राहिलो. मुहूर्त टळून राहिला ना!"

"टळू द्या."

त्यांनी हात उचलला. मी तो सगळ्यांदेखत धरला. सुनेनं सासऱ्याचा हात धरावा! मागून कुणीतरी चुकचुकलं. मला लाज वाटली, रागही आला, पण हात सोडला नाही. मामाजी नारळ घेऊन तडक घरी गेले.

दुपारी पाइप कोरडा, कोमट झाला. तपासला, जाळीवरचा बर्फ उतरल्याची खात्री केली, मगच व्हॉल्व्ह उघडला. पाइप फुटला असता का? ठाऊक नाही. मामाजींच्या जिवावर ते ठाऊक करून घ्यायची माझी तयारी नव्हती.

संध्याकाळी घरी सोनं द्यायला मामाजींपुढे वाकले.

"हात किती घट्ट धरला होता तू," ते म्हणाले. "मले भेली का पाइपाले?"

"पाइपाले, मामाजी. तुमचा राग उतरते."

त्यांनी आपट्याची पानं घेतली. देवघरातला तो अख्खा नारळ उचलून माझ्या ओंजळीत ठेवला.

"उद्या पायरीवर फोडजो," म्हणाले. "तूच फोडजो."