नाण्याची शंका

लातूरहून भोसरीला आलेल्या वर्षाली सोनटक्के नववीला विज्ञान शिकवत. क्वांटम कॉम्प्युटिंगचं प्रशिक्षण घेऊन आल्यावर त्यांनी वर्गात टेबलावर नाणं फिरवलं. "फिरतंय तोवर छापाही आणि काटाही. क्वांटम कॉम्प्युटरमधला माहितीचा सर्वांत लहान घटक, म्हणजे क्युबिटही तसाच, एकाच वेळी शून्य आणि एक." मागच्या बाकावर मुख्याध्यापक कौतुकाने ऐकत होते.

अपेक्षा नावाची विद्यार्थिनी उठली. "मॅडम, नाणं कसं पडणार हे फिरवतानाच ठरतं. आपल्याला कळत नाही, एवढंच. क्युबिटचंही तसंच असतं का?"

बाईंनी मुख्याध्यापकांकडे पाहिलं. "आगाऊपणा नको, खाली बस," त्या म्हणाल्या. वर्ग हसला. अपेक्षा मान खाली घालून बसली.

घरी त्यांनी पुस्तकं काढली. याच शंकेवर मोठमोठे शास्त्रज्ञ वर्षानुवर्षं भांडले होते. बाई रात्री उशिरापर्यंत वाचत बसल्या.

दुसऱ्या दिवशी त्या वर्गाला म्हणाल्या, "अपेक्षाची शंका रास्त होती. क्युबिटचं तसं आधी ठरलेलं नसतं, माझं उदाहरणच तोकडं होतं. मला येत नव्हतं म्हणून मी तिला गप्प बसवलं. अपेक्षा, अजून काही विचारायचंय? बाकी कुणाला?"

"नाही मॅडम," ती हळूच म्हणाली.

बाकी कुणीही हात वर केला नाही. वर्षालीबाई फळ्याकडे वळल्या. मुलांच्या नजरेला नजर द्यायची त्यांना लाज वाटत होती.