आकसलेलं माप

उमरोळीत नरहरी राऊतला सगळे 'मुठीवाला' म्हणतात. बाहेरगावचा माणूस हे ऐकून जरा दचकतो, कारण आमच्याकडे मूठ मारणारे भगतही असतात. नरहरीचा त्या विद्येशी काडीचाही संबंध नाही. कुकरची मूठ जळली, कोयत्याची तडकली, छत्रीची हरवली, की तो घरामागच्या शेडमध्ये बसून नवी करून देतो. त्याआधी चौतीस वर्षं तो तारापूरच्या एमआयडीसीत, प्लॅस्टिकच्या एका कारखान्यात डाय, म्हणजे साचे, बनवत होता. साठी उलटली तरी हात कापत नाही, आणि हे तो स्वतःच दिवसातून दोनदा सांगतो.

"माप चुकलं तर तो नरहरी नव्हे," हे त्याचं ठरलेलं वाक्य. बायको सुलू ते ऐकून ऐकून इतकी विटली होती, की तो "माप" म्हणाला की उरलेलं वाक्य तीच पुरं करायची.

घोटाळा एकदाच झाला होता, निवृत्तीच्या आदल्या वर्षी. फवारणीच्या पंपाच्या दांड्यावर चढवायची मऊ प्लॅस्टिकची पकड करायची होती. जुना कागद सापडेना, म्हणून नरहरीने फळीवरच्या नमुन्याच्या नगावरून माप घेतलं आणि डाय केला. बारा हजार नग निघाले आणि एकही दांड्यावर चढेना. साहेबांनी विचारलं तेव्हा नरहरी ताठ मानेने म्हणाला, "डाय बरोबर आहे. स्टोअरमधून प्लॅस्टिकच्या दाण्यांची गोणी चुकीची आली असणार." इतक्या वर्षांच्या मापावर शंका कोण घेणार? स्टोअर सांभाळणारा अंकुश, सफाळ्याच्या पूर्वेकडच्या पाड्यावरचा माणूस, त्याच आठवड्यात नोकरी जाऊन घरी बसला. कायम होण्याचं त्याचं पत्र टाइप व्हायचं बाकी होतं, ते तसंच राहिलं.

या गोष्टीला चार वर्षं झाली. नरहरीला तिची आठवण यायची ती फक्त प्लॅस्टिकच्या गोण्यांवर हल्ली कसा भरवसा ठेवता येत नाही, हे कुणाला पटवून देताना.

दिवाळीच्या आधी केळव्याहून धर्मेश आला. त्याची नारळ-सुपारीची वाडी आहे आणि आजोबांपासून ऐंशी वर्षं चालत आलेलं एक परवान्याचं रिव्हॉल्व्हर आहे. सुलूने दारातच विचारलं, "बंदूक आणली काय? उंबऱ्याच्या आत यायची नाय."

"नाही मावशी, ती घरी कुलपात आहे. परवान्याचं हत्यार असं फिरवता येत नाही," धर्मेश म्हणाला आणि त्याने रुमालाची गाठ सोडली. आत मुठीच्या दोन पट्ट्या होत्या, मूळच्या काळ्या, आता चहाच्या रंगाच्या. एक स्क्रूच्या भोकापासून खालपर्यंत चिरलेली, दुसरीचा कोपरा उडालेला. वर बारीक चौकडी कोरलेली होती, ती अंगठ्याखालच्या जागी झिजून गुळगुळीत झाली होती.

"शहरातल्या बंदुकीच्या दुकानात गेलो होतो. ते म्हणाले, या बनावटीच्या पट्ट्या आता मिळत नाहीत, कुणाकडून तरी करून घ्या. काका, जशाच्या तशा हव्यात."

"जशाच्या तशाच होतील," नरहरी म्हणाला. पुढचं ठरलेलं वाक्य ओठांवर आलं होतं, पण सुलू बघत होती.

नायलॉनच्या काळ्या ठोकळ्यातून त्याने आठ दिवस पट्ट्या कोरल्या. चिरलेली पट्टी आधी चिकटवून अखंड केली, मग प्रत्येक वळणावर मापाचा व्हर्नियर लावला. चौकडीची एकेक रेघ हाताने ओढली. जुनी आणि नवी पट्टी पाठीला पाठ लावून कडेवरून नख फिरवलं, तर नख कुठेही अडेना. स्वतःवर इतका खूश झालेला माणूस उमरोळीने त्या आठवड्यात दुसरा पाहिला नसेल.

पट्ट्या घेऊन गेला त्याच संध्याकाळी धर्मेशचा फोन आला. "काका, पट्ट्या सुरेख झाल्यात. पण तोकड्या पडतात. सगळ्या कडेनं लोखंड दिसतं."

"तुमचं लोखंड वाकलं असेल," नरहरी म्हणाला आणि फोन ठेवून दिला.

धर्मेश भला माणूस. दुसऱ्या दिवशी तो लोखंडी सांगाड्याची कड कागदावर पेन्सिलीने उतरवून घेऊन आला, बरोबर नव्या आणि जुन्या पट्ट्याही. नरहरीने नवी पट्टी कागदावर ठेवली. ती रेघेच्या आत राहिली, चांगली दीड मिलिमीटर. जुनी ठेवली. तीही तेवढीच आत राहिली.

"जुन्यांच्या कडेनं पण लोखंड दिसायचं," धर्मेश म्हणाला. "आम्हाला वाटायचं, मूठ तशीच असते. नव्या बसवल्या तेव्हा ते डोळ्यांत भरलं."

"बनवणारा मुद्दाम तोकडी कशाला करील?" नरहरी चिडून म्हणाला. त्याने पुन्हा मोजलं. आकडा तोच आला.

सुलू चहा घेऊन आली होती. तिने कप ठेवायला जागा करताना जुनी पट्टी उचलली आणि नाकाशी नेली. "याला कापराचा वास येते."

"पूर्वी असल्या प्लॅस्टिकात कापूरच घालायचे," नरहरी म्हणाला.

"मग उडाला असेल. ऐंशी वर्षं कापूर राहते काय? म्हणून तर मी देवाच्या डबीत मिरी टाकते. नायतर वडी केवढी होती आणि केवढी उरली, कळत पण नाय."

धर्मेश हसला. नरहरी हसला नाही. त्याने जुनी पट्टी हातात घेऊन नाकाशी नेली. पट्टीतला कापूर उडाला होता आणि पट्टी आकसली होती. त्याने माप अगदी बरोबर घेतलं होतं, पण आकसलेल्या वस्तूचं.

मग त्याला ती फळी आठवली. कारखान्यात भट्टीच्या वरच भिंतीला होती. त्या फळीवर पंपाच्या पकडीचा नमुना आठ वर्षं पडून होता. मऊ प्लॅस्टिक मऊ राहतं ते त्यात घातलेल्या तेलामुळे, आणि उष्णतेने ते तेल हळूहळू निघून जाऊन नग कडक होतो आणि आकसतो, हे तो नव्या पोरांना शिकवायचा. माप घेताना तो नग हाताला कडक लागला होता, हेही त्याला आता स्पष्ट आठवलं. तेव्हा त्याने तो टेबलावर ठक्कन आपटून पाहिला होता आणि जुना आहे म्हणून सोडून दिला होता.

"गोणी बरोबर होती," तो म्हणाला.

"कसली गोणी?" धर्मेशने विचारलं. सुलूने विचारलं नाही. तिने कप त्याच्याजवळ सरकवला आणि ती आत गेली.

नरहरीने कागदावरच्या रेघेवरून दुसरी जोडी केली. ती चपखल बसली. धर्मेशने फोटो पाठवला, नरहरीने तो एकदा पाहिला. त्याला लाज वाटत होती, आणि चांगल्या कामाने ती जात नव्हती. चार दिवस काढले आणि पाचव्या दिवशी वहीचा कागद फाडून त्याने कंपनीच्या नावाने पत्र लिहिलं. सकाळी तो सफाळ्याला उतरला.

अंकुशच्या अंगणात दोन बोचकी बांधून ठेवली होती. त्याची बायको, लाडकी, भांडी गोणीत भरत होती. भात झोडून झालं होतं आणि दोघं वीटभट्टीवर निघायच्या तयारीत होती. कारखाना सुटल्यापासून दर वर्षी जात होती.

नरहरी बाजेवर बसला आणि त्याने सगळं सांगितलं, पट्ट्यांपासून फळीपर्यंत. अंकुश सुंभ वळत ऐकत होता.

"मला ठावं होता," तो म्हणाला. "तो नग मी तवाच हातात घेतलेला. दगडासारका झालेला."

"मग बोलला का नाहीस?"

"तुमी बोललात ना, गोणी चुकली म्हणून. तुमचा माप चुकला हे मी बोलून कोण ऐकणार होता?"

लाडकीचा हात थांबला, मग पुन्हा भांडी भरू लागला. नरहरीने खिशात हात घातला. त्याने पत्र पुढे केलं. अंकुशने सुंभ बाजूला ठेवलं, हात पुसले आणि पत्र सावकाश वाचलं, स्टोअरची पावती वाचायचा तसं, शेवटच्या ओळीखाली बोट धरून. 'अंकुशने दिलेली गोणी बरोबर होती. माप माझं चुकलं.'

"तारीख नाय टाकली," तो म्हणाला.

नरहरीने खिसे चाचपले. अंकुशने सदऱ्याच्या खिशातलं पेन काढून दिलं. स्टोअर सुटून चार वर्षं झाली तरी पेन तो खिशात ठेवत होता. नरहरीने तारीख टाकली.

"हा कंपनीचा झाला," अंकुश म्हणाला. "स्टोअरची एक कॉपी लागते. कार्बन नाय. हातानं लिवा."

लाडकीने घरातून कॅलेंडरचं एक जुनं पान आणून दिलं. नरहरीने ते उलटं करून मांडीवर घेतलं आणि पहिल्यापासून सगळं पुन्हा लिहायला बसला. 'माप माझं' इथवर आल्यावर तो थांबला. अंकुश शेजारी येऊन उभा राहिला, आणि नरहरीने पुढचा शब्द लिहिला.