नलूचा पासपोर्ट

काशीराम धुरी विक्रोळीच्या एका कारखान्याच्या गेटवर उभा राहून सुटलेल्या कामगारांचे डबे उघडून बघायचा. नोकरीमुळे माणूस संशयी झाला, की संशयी म्हणूनच ही नोकरी मिळाली, देव जाणे! घाटकोपरच्या चाळीत दूधवाला आला तरी हा आधी दुधात बोट बुडवून चाटणार. अशा माणसाची मुलगी अठ्ठ्याऐंशी साली परदेशी निघाली, म्हणजे घराची वाट लागणारच की.

नलिनी केमिकल इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला होती. विद्यार्थ्यांच्या एका संस्थेतर्फे उन्हाळ्यापुरतं फिनलंडला काम करायला जायचं होतं. "इकडच्या कंपनीने तिकडचा एक विद्यार्थी ठेवून घेतला, की तिकडची कंपनी इकडचा एक घेते," तिने समजावलं.

"म्हणजे साटंलोटं!" काशीराम गुरकावला. "माका शिकवू नको. फुकट कोण कोणाक न्हेता गो?"

तसं त्याचं अगदीच चूक नव्हतं. त्याच्या बायकोचा, सुगंधाचा भाऊ जयवंत वेल्डर म्हणून आखातात गेला होता. उतरताक्षणी एजंटाने पासपोर्ट काढून घेतला आणि बिचाऱ्याला वाळवंटात बकऱ्या राखायला धाडलं. परत आला तेव्हा सख्ख्या बहिणीलाही ओळखू येईना. तेव्हापासून काशीरामच्या डोक्यात पक्कं बसलं होतं, की जो पासपोर्ट मागतो तो चोर.

आणि नेमका पासपोर्ट मागायलाच एक पोरगा दारात हजर! विद्याधर त्याचं नाव, राहणारा पारल्याचा, नलूच्याच कॉलेजातला. संस्थेचं काम बघायचा. सगळ्यांचे पासपोर्ट गोळा करून व्हिसासाठी दिल्लीला जाणार होता. राखलेली दाढी, नवीकोरी स्कूटर, बोलणं लोण्यासारखं मऊ. चहा पिता पिता नलूकडे बघून हसलासुद्धा. झालं! काशीरामच्या पोटात एकाच्या जागी दोन संशय शिरले.

"पासपोर्ट सध्या हाताशी नाय," त्याने ठोकून दिलं, आणि पोरगा जिना उतरताच पासपोर्ट पेटीत घालून कुलूप लावलं.

सुट्टीच्या दिवशी स्वारी निघाली पारल्याला. कोणाची खात्री करून घ्यायची तर काशीरामला एकच रीत माहीत होती, गावाकडे स्थळाची चौकशी करतात ती. त्याने वाण्याला विचारलं, इस्त्रीवाल्याला विचारलं, देवळातल्या भटजींना विचारलं. पोरगा कसा? काही व्यसन? घराणं कुठलं? आई खाष्ट आहे का? आता मुलीचा बाप असल्या चौकशा करतो म्हटल्यावर पारलेकरांनी काय समजायचं? संध्याकाळपर्यंत विद्याधरच्या आईच्या कानावर गेलं, की घाटकोपरहून मुलीचा बाप येऊन गेला. संस्थेच्या नावाखाली पोराने भलतंच लफडं केलं, असं समजून त्या माउलीने त्याची अशी काही खरडपट्टी काढली, की दुसऱ्याच दिवशी त्याचा निरोप आला: नलिनीचा पासपोर्ट मी नेणार नाही, तुमचं तुम्ही बघा. बाकीच्यांचे पासपोर्ट घेऊन तो दिल्लीला गेलासुद्धा.

नलू रडली असती तर बरं झालं असतं. तिने जेवणाचं ताट बाजूला सारलं. "बाबा, या आठवड्यात व्हिसाला दिलं नाही तर माझी जागा दुसऱ्याला जाईल. आणि माझी परीक्षा चालू आहे, मला जाता येणार नाही."

सुगंधाने आजवर नवऱ्यापुढे आवाज चढवला नव्हता. आज मात्र ती कडाडली, "माझ्या भावाचा झाला तां पोरीच्या कपाळी कित्याक मारतास? आता तुमीच जावा दिल्लीक!"

पोस्टावर काशीरामचा काडीचा विश्वास नव्हता. तो गेला. पासपोर्ट बनियनच्या आत, अंगाला चिकटलेला. गाडीत कोणी चहा देऊ केला तरी घेतला नाही.

वकिलातीच्या खिडकीमागे चष्मेवाला कारकून बसला होता. काशीरामने नलूचा अर्ज तेवढा पुढे केला, पासपोर्ट बनियनमध्येच. "लड़की कौन है आपकी?"

"बेटी है."

"वहाँ क्या काम करेगी?"

काशीरामने पारल्याच्या परक्या पोराची कुंडली काढली होती, पण पोटच्या पोरीला हे विचारलंच नव्हतं!

कारकुनाने त्याला खालून वर न्याहाळलं. "बाप हो, या किसी एजंट के आदमी?"

काशीरामच्या अंगाची लाही लाही झाली. मी एजंट? पण चिडायचं कोणावर? त्या खुर्चीत तो स्वतः असता तर एव्हाना पोलीस बोलावून मोकळा झाला असता. तो मुकाट्याने बाहेर पडला, समोरच्या एसटीडी बूथमध्ये शिरला आणि चाळीखालच्या दुकानाचा नंबर लावला. दुकानदाराने हाक मारली तशी नलू धापा टाकत आली.

"नलू, थंय तुका काम काय असा गो?"

"बाबा, कागदाची गिरणी आहे. तिचं पाणी नदीत सोडतात. ते साफ आहे की नाही, मी तपासायचं."

"गिरण?"

काशीरामचं अर्धं आयुष्य परळच्या गिरणीत साच्यावर कापड विणण्यात गेलं होतं. संप झाला आणि गिरणीचा दरवाजा पुन्हा उघडलाच नाही. पाळीच्या वेळेला त्याला अजूनही आपोआप जाग यायची.

"चालू असा मा ती?"

"चालू आहे, बाबा."

"नीट विचारलंस?"

"विचारलं. तिन्ही पाळ्या चालतात."

काशीराम खिडकीशी परतला आणि रांगेतल्या सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, "मेरी बेटी गिरणी में जाती है, साब. चालू गिरणी में." मग बनियनमधून पासपोर्ट काढला आणि स्वतःच्या हाताने काचेखालून आत सरकवला.