चिटणिसांच्या आईचं पान

वाचनालयाच्या चिटणिसांवर मी सूड उगवला आणि मला त्याचं वाईट वाटत नाही. आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे कुणी माझ्या पश्चात्तापाची वाट बघायला नको.

आमच्या मोहल्ल्यातल्या त्या वाचनालयात प्रत्येक सभासदाचं रजिस्टरमध्ये एक पान असे. पुस्तक नेलं की त्यावर नोंद करून सही करायची. मी कॉलेजच्या पहिल्या वर्षाला होते. मोठी बहीण तिसऱ्यांदा गरोदर, अंगात रक्त नाही. तिच्यासाठी मी एका डॉक्टरणीचं संततिनियमनावरचं पुस्तक नेलं. चिटणिसांनी नोंद पाहिली आणि पानठेल्यावर, चार लोकांत, माझ्या वडिलांना ऐकवलं, "भाऊ, पोरगी काय वाचून राहिली तुमची, लक्ष ठेवा जरा."

वडील मिलमधून आले ते मान खाली घालूनच. "काहून आणलं वं असलं पुस्तक?" मी सांगितलं. त्यांना पटलंही असावं, पण चारचौघांत झालेली शोभा गिळता येईना. "उद्यापासून कालेज बंद." माझं ते वर्ष वाया गेलं.

पुस्तक परत करायला गेले तेव्हा चिटणीस जागेवर नव्हते. आपल्याबद्दल आणखी काय लिहिलंय ते बघावं म्हणून मी रजिस्टर उघडलं. शेजारचं पान त्यांच्या आईचं. म्हातारी मागच्या उन्हाळ्यात वारली होती, माझे वडील मयतीला गेले होते. पण नोंदी थेट गेल्या आठवड्यापर्यंतच्या! कपाटात मागच्या रांगेत दडवलेल्या चावट कादंबऱ्या सगळ्या, आणि सह्या चिटणिसांच्या वळणदार अक्षरात. मी रजिस्टर होतं तसं मिटून ठेवलं. वार्षिक सभेला तीन महिने होते.

सभेत रजिस्टर टेबलावर असायचंच. "कोणाले काही विचारायचं हाय काय?" असं झाल्यावर मी उठले.

"काकांच्या आईले जाऊन वर्ष झालं. मग ह्या कादंबऱ्या त्या कशा नेऊन राहिल्या?"

आणि एकेक नाव मोठ्यानं वाचलं. लोक पोट धरून हसले, वडीलसुद्धा. चिटणिसांची बायको समोरच बसली होती, तिनं तोंडावर पदर ओढला. मला थांबता आलं असतं. मी पान संपेपर्यंत वाचलं.

त्यांना पद सोडावं लागलं. वडिलांनी मला पुन्हा कॉलेजात घातलं आणि रजिस्टर माझ्याकडे आलं. जुने चिटणीस एकदा घरगुती औषधांचं पुस्तक न्यायला आले. मी त्याचं नाव खोलीभर ऐकू जाईल असं उच्चारून लिहिलं. पुन्हा ते फिरकले नाहीत. पुस्तक परत करायला बायको आली.

"आता काहीच वाचत नाहीत ते," ती म्हणाली. मला बरं वाटलं.

ती घुटमळली. मग हळूच म्हणाली, "ते डॉक्टरणीचं पुस्तक देतं काय? पोरीसाठी पाहिजे होतं. पण रजिस्टरात लिहू नको वं माय."

मी पुस्तक दिलं. लिहिलं नाही. तरी दाराबाहेर पडेपर्यंत ती माझ्या हातातल्या पेनाकडेच बघत होती.